दुरुस्ती मागे घेताना

"तुमची दुरुस्ती मागे घ्या, मी तीच सरकारतर्फे मांडतो," विधानसभेच्या चहाच्या सुट्टीत मंत्री विरोधी पक्षाच्या हेमलता घोरमाडेंना हळूच म्हणाले. "विरोधकांची म्हणून आली, तर आमचे लोक ती फेटाळतील."

हेमलताताई पहिल्यांदाच आमदार झाल्या होत्या. शिलाई मशीन, फ्रिज कर्जावर देणारे महिन्याचा हप्ता तेवढा सांगतात, शेवटी एकूण किती भरावे लागतील ते सांगतच नाहीत, असं मतदारसंघातल्या बायका त्यांना सांगत आल्या होत्या. म्हणून कर्जाच्या विधेयकात त्यांनी एकच वाक्य सुचवलं होतं: सही घेण्याआधी एकूण परतफेडीची रक्कम ग्राहकाला मराठीत वाचून दाखवावी.

सभागृहात परतल्यावर शेजारच्या बाकावरचे डोंगरदिवे हे ऐकून चिडले. "खपलात तुम्ही, आणि नाव त्यांचं होणार?"

"होऊ दे, साहेब. कायद्यात तर येईल ना?"

त्या उठल्या. "अध्यक्ष महोदय, मी माझी दुरुस्ती मागे घेते."

समोर कुणीतरी हसलं. हेमलताताई ताठ बसून राहिल्या. मग मंत्री उठले आणि काना-मात्रेचाही फरक न करता हेमलताताईंचं वाक्य वाचू लागले. सगळं सभागृह ते ऐकत होतं.

"अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे," अध्यक्ष म्हणाले.

विरोधी बाकांवरून हेमलताताई एकट्याच खणखणीत आवाजात "होय" म्हणाल्या. मागोमाग डोंगरदिवेंचा जाडाभरडा "होय" आला.