झाझाची विजयाची आरोळी

“मग काय, शेळीचं सुतक आता घोड्यानं पाळायचं?” श्यामकांत हसून म्हणाले.

पूर्णिमा हसली नाही. तिनं झाझाचा लगाम घट्ट धरला. “दादा, सकाळपासून त्यानं चाऱ्याला तोंड लावलं नाहीये. गाडीत चढायलाही तयार नव्हता. असं अर्धं लक्ष ठेवून झेप घेतली आणि अडथळ्यात पाय अडकला, तर? मान मोडेल त्याची. आज नको पळवू या.”

“अगं, शेवटची शर्यत आहे त्याची. अर्धं अ‍ॅमस्टेलव्हीन गाव आलंय बघायला! आणि ठमी गेली हे त्याला कुठं माहितीये? तिला डॉक्टरकडे नेलं, एवढंच त्यानं पाहिलं. घोडा माझा आहे ना? मग तू टेन्शन घेऊ नकोस.”

ठमी म्हणजे तबेल्यातली बुटकी पांढरी शेळी. काल पोट फुगलं म्हणून तिला दवाखान्यात नेलं, आणि पहाटे ती तिथंच गेली. झाझा तरणा होता तेव्हा एकटा ठेवला की भिंतीवर लाथा मारायचा. शेजारी ठमी बांधली आणि तो शांत झाला. मग शर्यत बेल्जियममध्ये असो की जर्मनीत, घोडा नेण्याच्या गाडीत शेळी असायचीच. घोड्याचं खरं नाव श्यामकांतांनी हौसेनं ‘झंझावात’ ठेवलं होतं. ते इथल्या लोकांच्या तोंडात बसेना, म्हणून त्याचा झाझा झाला.

झाझा अडथळ्यांच्या शर्यतींचा राजा होता. शेवटचा अडथळा येईपर्यंत तो घोळक्यात असायचा. तो ओलांडला की असा सुटायचा, की बाकीचे घोडे उभे आहेत असं वाटावं. जिंकल्यावर मान उंच करून एकदाच, लांबलचक खिंकाळायचा. वर्तमानपत्रं त्याला ‘विजयाची आरोळी’ म्हणत. ती टिपायला लोक मोबाइल सरसावून बसत.

पूर्णिमानं ती आरोळी कधी जवळून ऐकली नव्हती. लग्नानंतर नवऱ्यापाठोपाठ ती हार्लेमला आली आणि श्यामकांतांच्या तबेल्यात कामाला लागली. शर्यतीच्या वेळी मैदानामागे गाडीपाशी शेळीला धरून बसणं हे तिचं काम. शर्यत संपली की ठमी जिवाच्या आकांतानं ओरडायची. “एवढी काय गं घाबरतेस गर्दीला?” असं म्हणत पूर्णिमा तिला पोटाशी धरायची.

आज धरायला कोणी नव्हतं. ती शेवटच्या रेषेजवळ, कठड्याला टेकून उभी राहिली.

पहिल्याच अडथळ्याला झाझाचा मागचा पाय घासला. पूर्णिमानं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो घोळक्यात होता. शेवटचा अडथळा आला. झाझानं झेप घेतली आणि तो सुटला. समुद्राकडून येणारा वारा तोंडावर होता, तरी तो आजवर कधी पळाला नसेल असा पळाला. दुसऱ्या क्रमांकाचा घोडा फार मागे राहिला.

“बघ!” श्यामकांत ओरडले. “उगाच घाबरवत होतीस मला!”

पूर्णिमाच्या जिवात जीव आला. झाझाचे चारही पाय शाबूत होते.

त्यानं मान उंच केली. मोबाइल वर झाले. तो खिंकाळला, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

एरवी एवढ्यावर तो शांत व्हायचा. मान खाली घालून निमूट चालू लागायचा. आज तो हलला नाही. स्वाराला न जुमानता त्यानं तोंड वळवलं, मैदानामागे गाड्या उभ्या होत्या त्या बाजूला. कान टवकारले. थोडा थांबला. पुन्हा खिंकाळला. पुन्हा थांबला.

“वा रे राजा! आज परत परत आरोळी!” श्यामकांतांनी पूर्णिमाच्या पाठीवर थाप मारली. “टाळ्या वाजव की गं!”

तिचे हात उठले नाहीत. गाडीपाशी आज त्याला उत्तर द्यायला कोणी नव्हतं.