नेहमीसारखी लिंक

माझा कॅन्सर पसरलाय, हे डॉक्टरांनी काल सांगितलं. घरी बोलायला तोंड उघडेना, म्हणून माझ्या बागकामाच्या ब्लॉगवर सगळं लिहून टाकलं. शीर्षक दिलं, ‘कुंड्यांना पाणी कोण घालणार?’ नेहमीसारखी लिंक फेसबुकवर आणि घरच्या ग्रुपवर टाकली. लगेच अंगठे यायला लागले, मग टाळ्या, मग फुलं. जाऊबाईंनी लिहिलं, ‘वा, नेहमीप्रमाणे सुंदर.’ लेकाने बदाम पाठवला. नणंदेने चार मैत्रिणींना लिंक धाडली. समोरच्या खुर्चीत बसून यांनीही अंगठा दाबला. आता मान वर करतील, म्हणून डोळे पुसून तयार बसले. मान काही वर होईना. शेवटी ब्लॉग उघडून आकडा पाहिला. वाचक शून्य. “अहो, लेख वाचलात का?” “वाचला की. झकास जमलाय.” “मग सांगा, पाणी कोण घालणार?” फोनवरून नजर न हटवता हे हसले. “कोण म्हणजे काय? तूच.”