बकुळीखालची जागा

हर्षालीच्या केसांत आजही बकुळीची फुलं अडकलेली होती आणि ती बघून सुरुचीच्या पोटात दुखलं. दोघी हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहायच्या. पण मनगटावरची, मनःस्थिती मोजणारी पट्टी उदासीने लाल झाली, तरच विद्यापीठाच्या बागेचं फाटक उघडायचं, आणि महिनाभर ते हर्षालीसाठीच उघडत होतं.

"हिचं ब्रेकअप झालं म्हणून हिला सावली, आणि आम्ही हसतमुख म्हणून उन्हात!" सुरुची धुमसायची. तिला अन्न गोड लागेना, झोप येईना.

आणि त्याच संध्याकाळी तिचीही पट्टी लाल झाली, चक्क तिच्यासाठी फाटक उघडलं.

"तुझी मैत्रीण बरी झाली, पोरी," रखवालदार मामा म्हणाले. "तिची जागा आता तुला."

बकुळीखाली गार वारा होता. सुरुचीचा श्वास संथ झाला, कपाळावरची आठी गेली. हर्षालीचा रागही येईनासा झाला. तेवढ्यात पट्टी हिरवी होऊ लागली आणि तिला बाहेर न्यायला मामा खुर्चीतून उठले.

सुरुचीने घाईघाईने मोबाईल काढला. याच झाडाखाली खळखळून हसणाऱ्या हर्षालीचा फोटो उघडून ती त्याच्याकडे टक लावून बघत राहिली.

पट्टी पुन्हा लाल झाली. मामा परत खुर्चीत बसले.