दस्त्यातली चिठ्ठी

पूर्वी स्विस सैनिक रायफलीच्या दस्त्यात, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी भागात, टोकाच्या झाकणाखाली, नावपत्त्याची चिठ्ठी ठेवायचे. ओहायोतल्या जुन्या बंदुकांच्या बाजारात माझा दोस्त व्हर्लिन वीस वर्षं स्वस्तातल्या तसल्या रायफली घेऊन झाकणं उघडतोय. आत कायम ठणठणाट. यंदा दुकानदाराला पटवून मीच एका रायफलीत, जुनाट दिसावी म्हणून कॉफीत बुडवलेली खोटी चिठ्ठी सरकवली: आलोइस इम्बोडेन, गाव ओबरमाट. व्हर्लिनने वाचली आणि डोळेच मिटले. "लेका, ऐक! धुक्यात गाईंच्या घंटा वाजतायत. आलोइस रायफल टेकवून उभाय." खरं सांगायला मी तोंड उघडलं, तर मलाही घंटा ऐकू आल्या. "जिवंत असेल का रे?" त्याने विचारलं. "असेल की! डोंगरातले म्हातारे तुझ्यासारखेच चिवट." त्याने दस्त्यावरच कागद ठेवून पत्र लिहिलं. "विचारलंय, रायफल परत हवीय का." "आण, मी टाकतो टपालात." पत्र अजून माझ्याच खिशात आहे. आलोइसचं उत्तर यायला हवं ना, म्हणून सध्या मी जर्मन शिकतोय.