ब्रइलाहून एक पत्र

"चार्जर कुठं गेला?" तोमानं तिसऱ्यांदा विचारलं.

"मला काय माहीत," आउरिका म्हणाली. तिनं परात पुढं ओढली आणि भाजलेल्या लाल ढोबळ्या मिरच्यांची सालं काढायला बसली. चार्जर तिच्या एप्रनच्या खिशात होता.

जेवणानंतरचा हा तास तोमाचा. ईस्टरला त्यांची नात इलिंका बुखारेस्टहून आली होती. तिनं आजोबांच्या फोनवर एक खजिनाच उघडून दिला. सरहद्दीपलीकडून लागणारं ते जुनं रेडिओ केंद्र, त्याचे सगळे कार्यक्रम, तारीखवार. एके काळी, सरकारची बंदी असताना, दोघं नवरा-बायको रेडिओवर उशी दाबून ते ऐकायची. आता तोमा खिडक्या सताड उघड्या टाकून ऐकायचा. रविवारचा 'श्रोत्यांची पसंती' त्याचा विशेष लाडका. देशातून चोरून गेलेली पत्रं निवेदक वाचायचा आणि मागितलेलं गाणं लावायचा. तोमानं एक्याऐंशी सालापासून सुरुवात केली होती. रोज एक, क्रम न मोडता.

"आजोबा, एकदम पुढं जा की," इलिंका म्हणाली होती. "त्र्याऐंशीचा नोव्हेंबर. ते पत्र त्यातच असणार."

"येईल आपसूक. एवढी वर्षं थांबलोय, आता काय घाई?"

पत्राची गोष्ट घरात सगळ्यांनाच ठाऊक होती. तोमा तेव्हा गोदीत कामाला होता. साध्या कपड्यांतले दोघे पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले. त्यांच्या गावाहून, ब्रइलाहून, त्या केंद्राला कुणी तरी निनावी पत्र धाडलं होतं. पोलिसांनी त्या पत्राचे, पाकिटाचे फोटो काढून ठेवून ते पुढं जाऊ दिलं होतं. संध्याकाळपर्यंत तोमानं गुन्हा कबूल केला. कबुली मिळाली, तपास मिटला.

दीड वर्षानं तो तुरुंगातून परत आला तेव्हा त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. त्याआधी गावात एकही लग्न त्याच्या अकॉर्डियनशिवाय होत नसे. ते त्यानं पुन्हा खोक्यातून काढलं नाही. आउरिकानं काही विचारलं नाही, त्यानं काही सांगितलं नाही. पुढं मुलं झाली, ते सरकार पडलं, नातवंडं झाली.

उन्हाळ्यात ऐकता ऐकता तो त्र्याऐंशीत शिरला आणि आउरिकाची झोप उडाली.

"डॉक्टर काय म्हणाले, आठवतंय ना? छातीला ताण नको," ती म्हणाली. "कशाला ते जुनं उकरून काढायचं?"

"गाणी ऐकून कोण मेलंय?"

मग एक दिवस फोन खारवलेल्या काकड्यांच्या पाण्यात पडला. कसा पडला ते आउरिकाला सांगता येईना. इलिंकानं तिचा जुना टॅबलेट पाठवून दिला. दोन दिवसांनी राउटरची वायर तुटली. तोमानं ती मुकाट्यानं जोडून घेतली.

निवेदकानं गावाचं नाव उच्चारलं की आउरिकाच्या हातातलं काम थांबायचं. क्लुजहून एक पत्र. गलात्सहून एक पत्र. ती श्वास सोडायची. कार्यक्रमातला त्र्याऐंशीचा सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. काल त्यातल्या नोव्हेंबरचा पहिला रविवार ऐकून झाला होता.

दार वाजलं. मघाशी बाहेर गेलेला तोमा आत आला, हातात चार्जर.

"नेलूनं दिला," तो म्हणाला. नेलू म्हणजे शेजारी. "त्याची बायको त्याच्या वस्तू लपवत नाही म्हणे."

त्यानं टॅबलेट मिरच्यांच्या परातीशेजारी उभा केला. कार्यक्रमाची धून सुरू झाली.

"मी जरा अंगणात जाते."

"बस ना. सोबत ऐकू."

तो सहज बोलला होता. आउरिकानं पुढची मिरची सोलायला घेतली. एक गाणं झालं. दुसरं झालं. मग निवेदक खाकरला.

"हे पत्र ब्रइलाहून आलंय. खाली नाव नाही. लिहिलंय, आमच्या खोलीत तोंडातून वाफ निघते, तीन दिवस पाव मिळालेला नाही, तरीही..."

आउरिकाचा हात टॅबलेटवर पडला. आवाज थांबला. काचेवर तिच्या बोटांचे लाल डाग उमटले.

"नको, तोमा. पाया पडते तुझ्या. नको ऐकूस."

तोमा रुमालानं काच पुसायला लागला.

"ऐकू दे गं," तो म्हणाला. "मला त्यांनी नुसता पाकिटाचा फोटो दाखवला होता. अक्षर तुझं आहे, एवढं कळलं. आत काय लिहिलं होतंस, ते आजवर कळलेलं नाही."