सॅम्पल फ्लॅट

कात्रपच्या नव्या टॉवरमध्ये सॅम्पल फ्लॅट बघायला गेलेल्यांपैकी आम्ही तिघेच उरलो होतो. प्रत्येक दारामागे तसाच हॉल आणि आणखी दारं. काही दारांमागे जमीनच नव्हती. तिकडे गेलेल्यांच्या फक्त किंकाळ्या ऐकू आल्या.

"चला काका, पुढे व्हा," आमच्यातल्या मुकेशने मला ढकललं. "तुम्हीच म्हणालात, मागच्या वेळी इथे आलेले बाकी सगळे मेले आणि तुम्ही एकटेच वाचलात. कसे, ते बोला. की एकटेच हुशार?"

मी सांगितलं, "इथे आपल्या माणसाच्या आवाजात हाका येतात. मला माझ्या वारलेल्या बायकोच्या आवाजात 'सुदाम, इकडे ये' असं ऐकू आलं. तिने जन्मात कधी मला नावाने हाक मारली नाही. ती 'अहो' म्हणायची. म्हणून मी त्या दाराकडे गेलो नाही."

"मग परत कशाला आलात मरायला?" मनाली खेकसली. ती आमच्यातली तिसरी.

तेवढ्यात डावीकडच्या दारामागून आवाज आला, "अहो, येताय ना?"

मुकेशने माझी कॉलर धरली. "पागल झालात काय? ती नाहीये! भिंती ऐकतात इथल्या. तुम्ही आत्ता बोललात, तेच शिकून बोलतायत."

"ठाऊक आहे," मी त्याचा हात सोडवला आणि दार उघडलं. "म्हणूनच तर सांगितलं."