वाळवंटातली चादर

नकाशेकाकांनी बिस्किटांची बशी बाजूला सारली आणि टेबलावर बोटाने वाळवंट काढायला सुरुवात केली. इथे शेवटची विहीर, इथे बसचा रस्ता संपतो, आणि इथून पुढे नुसती वाळू.

"आई, बाहेर येऊन ऐक ना," चष्मेवालीने हाक मारली.

"मला इथूनही ऐकू येतंय," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

चष्मेवालीने मनातल्या मनात कपाळाला हात लावला. चौकातलं चष्म्याचं दुकान मैत्रिणीच्या हवाली करून ती लवकरच दूरच्या शहरात नोकरीला निघाली होती. सगळं ठरलं होतं, घोडं अडलं होतं ते आईपाशी. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. आई बरोबर यायला तयार नव्हती, आणि तिला एकटं टाकून जायला लेकीचा पाय निघत नव्हता. दुसऱ्या लग्नाचा विषय काढला की आई वर्तमानपत्र उघडून त्यामागे नाहीशी व्हायची. थंडीत एकदा बालमैत्रिणीकडे जायची, मनसोक्त हुंदडून रापलेल्या चेहऱ्याने परत यायची, एवढाच तिचा बदल.

अशात हे काका दुकानात आले. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे चौकात सगळे त्यांना नकाशेकाका म्हणत. वाचायचा चष्मा हवा होता. काचा बसेपर्यंत त्यांनी एका पडक्या शहराची अशी काही गोष्ट सांगितली, की बाकीची गिऱ्हाइकं आपापले चष्मे विसरली. घरी कोण कोण असतं, असं चष्मेवालीने सहज विचारल्यासारखं विचारलं. एकटाच राहतो, काका म्हणाले. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, ही म्हण चष्म्याच्या दुकानात बसून तिला फारच पटली. तिने लगेच चहाचं आमंत्रण दिलं.

आता काका रंगात आले होते. ते शहर एके काळी व्यापाऱ्यांचं होतं. विहिरीचं पाणी खारट झालं आणि माणसं उठून गेली. वाळू खिडक्यांपर्यंत चढली आहे, त्यामुळे घरात शिरायचं ते वरच्या मजल्याच्या खिडकीतून, चोरासारखं. आत भिंतीला दगडी जाळी, आणि दुपार कलली की त्या जाळीची नक्षी जमिनीवर सरकत जाते. बघत बसलं की जेवणाची आठवण होत नाही.

"एका विटेवर गवंड्याच्या बोटाचा ठसा आहे," काका म्हणाले. "ओल्या मातीत राहिलेला. माझं बोट जाड, शिरेना. पण बारीक बोट असलं की बरोब्बर बसतं. शेकडो वर्षांपूर्वीचा माणूस, आणि बोट धरल्यासारखं वाटतं."

चष्मेवालीच्या अंगावर काटा आला. या माणसाला काय काय बघता येतं, असं तिला वाटलं. दिवसभर ती लोकांना काचा लावून देई, पण अशी नजर काही तिच्या दुकानात मिळत नव्हती. आईने हे ऐकायलाच हवं होतं. आत मात्र नुसता भांड्यांचा आवाज.

मग काकांनी पिशवीतून चादर काढली. जवळच्या वस्तीतल्या विणकरणीची. जमिनीत खुंट्या ठोकून मांडलेला माग, समोर नमुना नाही, कागद नाही, आणि चादरीत तीच जाळी उतरलेली. त्या बाईने पडकं शहर कधी पाहिलं नव्हतं. आजीने आईला शिकवलं, आईने तिला.

चष्मेवालीने खिशातलं भिंग काढून चादर उलटी केली. मागच्या बाजूला एक गाठ सापडेल तर शपथ.

"ही विकत मिळते?"

"मिळते, पण एकट्याला देत नाही ती," काका म्हणाले. "तिथली पद्धत आहे. चादर मागावरून उतरवताना एक टोक नवऱ्याने धरायचं, दुसरं बायकोने. दोघांनी ताण धरला की मग ती दोरे कापते. आधी मागावर हात ठेवून सांगावं लागतं, की आम्ही नवरा-बायको आहोत. त्या मागावर खोटं बोललेलं तिला खपत नाही."

चष्मेवाली हसली. "मग तुम्ही काय थाप मारलीत?"

काकांनी कप उचलला. तो रिकामा होता. त्यांनी तो परत ठेवला.

"मी थाप मारली नाही," ते म्हणाले.

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. चष्मेवालीने भिंग खाली ठेवलं. या माणसाला तिने आपल्या हाताने घरी आणलं होतं. आईसाठी. आणि किती भाबडेपणाने, आणखी कुणाकडे चौकशीही न करता. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

"म्हणजे तुम्हाला बायको आहे."

"आहे," काका खाली मान घालून म्हणाले.

"आणि मला सांगितलंत, एकटाच राहतो."

"तेही खरंच आहे."

तिने चादरीची घडी केली, त्यांच्यासमोर ठेवली आणि दाराकडे बघितलं. काका उठले. इतक्यात पदराला हात पुसत आई बाहेर आली, आणि इतक्या वेळात पहिल्यांदाच खुर्ची ओढून काकांच्या शेजारी बसली.

"बसा हो तुम्ही," ती म्हणाली, आणि मग लेकीकडे वळली. "त्यांना कशाला घालवतेस? दुसरं टोक मी धरलं होतं."